उजवीकडचं पान

हे मी कधीच कुणाला सांगितलं नाही. आमच्या ह्यांना नाही, लेकीला नाही, माहेरी चकलांब्याला गेले तर आईच्या मांडीवर डोकं ठेवूनसुद्धा नाही. आणि देवाला — देवाला काय सांगायचं? जे केलं ते त्याच्याच अंगावर केलं. त्याला ठाऊक आहे. तो बोलत नाही, एवढंच.

तसं मला गप्प बसायची सवय नाही हो. मी बोलायला लागले की काट्यावरचा मापाडी वजन विसरतो, असं मोंढ्यातले व्यापारी म्हणतात. खरं आहे ते. भाव पाडायचा असो, हमालांचं भांडण सोडवायचं असो, उधारी बुडवणाऱ्याच्या दारात उभं राहायचं असो — माझी जीभ कधी अडली नाही. एवढ्या एकाच गोष्टीपाशी अडते. ती गोष्ट ओठांपर्यंत येते, आणि मी तिच्यावर पाणी पिते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून आज जमेल असं वाटतंय. बघू.

आधी माझ्या गोदामाबद्दल सांगू द्या. त्याच्याबद्दल बोलायला लागले की मन भरून येतं माझं, आणि ते खोटं नाही.

तेलगावच्या चौकातून परळीच्या रस्त्याला लागलं की थोड्या अंतरावर, उसाच्या फडाला लागून, निळ्या पत्र्याचं गोदाम दिसतं. तेच आमचं. आमचं म्हणजे भाड्याचं, पण इतकी वर्षं झाली की आता आमचंच म्हणते. चौकातून चारी बाजूंना रस्ते गेलेत — बीड, परळी, माजलगाव, धारूर. परळीला रेल्वे आहेच, आता बीडलाही आली. ट्रक कुठूनही येवो, सरळ माझ्या दारात. मागं लावला की ट्रकचा फाळका आणि गोदामाचा ओटा एका पातळीत. हमालाला वाकावं लागत नाही. फरशी अशी पक्की की पावसाळ्यात पोतं उचलून खाली हात लावावा, तर तळ कोरडा. पहिल्या पावसाळ्यात मी रोज लावून बघायचे. उगीचच. आणि रोज वर पत्र्याकडं बघून हात जोडायचे.

धंदा आमचा बारदान्याचा. म्हणजे रिकाम्या पोत्यांचा. तागाची जुनी पोती विकत घ्यायची, झाडायची, फाटलेली दाभणानं शिवायची, गठाणी बांधायच्या, आणि सोयाबीन-तूर-हरभऱ्याचा हंगाम आला की व्यापाऱ्यांना द्यायची. ऐकायला काही नाही ह्यात. पण हंगामाला पोतं नसेल तर सगळ्यांचं घोडं अडतं. आधी आमचं शेड गावातल्या बोळात होतं. बोळात ट्रक सोडा, साधा टेम्पो शिरायचा नाही. गठाणी डोक्यावर घेऊन बायका रस्त्यापर्यंत जायच्या. पत्रा गळका, उंदरांचा सुळसुळाट, भिजलेल्या तागाचा वास. त्या वासानं लेक माझ्याजवळ झोपायची नाही. "आई, तुला पोत्याचा वास येतो," म्हणायची. लहान होती. तिला काय कळतंय? पण मला लागायचं ते.

गोदाम मिळालं आणि दिवस पालटले, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. लेक छत्रपती संभाजीनगरला शिकली, नोकरीला लागली. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन चांगल्या दवाखान्यात झालं. बोळातल्या त्या शेडात मरेपर्यंत ठिगळं लावत बसले असते मी. तिथून निघाले. ज्यांच्यामुळं निघाले त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. जागेचे मालक बळीरामनाना, ड्रायव्हर लोक, शिवणाऱ्या बायका. आणि सगळ्यांत जास्त कुणाची, तर आमच्या वन्संची.

वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. शकुंतला. नवऱ्याचं घर त्यांनी सोडलं ते स्वतःच्या पायांनी. मार खाऊन राहणं त्यांना जमलं नाही, आणि माहेरी येऊन रडत बसणंही जमलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या घरातच होत्या. मला मैत्रिणींनी घाबरवून ठेवलेलं — नणंद घरात म्हणजे जन्माचा जाच! कसला जाच? पहिल्या आठवड्यात त्यांनी मला शेडात नेलं, माझे डोळे पदरानं बांधले आणि हातात पोती दिली. "बोटानं वळख. कुठलं मिठाचं, कुठलं साखरेचं, कुठलं तुरीचं." मी चुकले की खदाखदा हसायच्या. बारदाना कळतो मला, तो त्यांच्यामुळं. आमचे हे स्वभावानं लई गोड, पण त्यांचं निम्मं आयुष्य चौकातल्या चहाच्या गाड्यावर गेलंय. धंदा बाईनं करायचा तर कसा, हे मला शिकवणारं दुसरं कोण होतं?

पुढं वन्संनी स्वतःचा वेगळा उद्योग काढला. पापड, काळं तिखट, आमटीचं येसर. पाच-सहा बायका गोळा केल्या, आमच्याच अंगणात सुरुवात केली. त्यांचं काळं तिखट कालवणात पडलं की शेजारची माणसं वाटी घेऊन यायची, खोटं नाही सांगत. लातूरच्या एका दुकानदाराला माल आवडला. पण त्याचं म्हणणं, अंगणातला माल मी घेणार नाही. पक्की फरशी पाहिजे, स्वच्छ बंद जागा पाहिजे, माझी गाडी दारापर्यंत आली पाहिजे. मग मी बारा महिने माल उचलतो.

म्हणून वन्सं जागा शोधत होत्या. मी नव्हते शोधत. हे नीट ऐका — मी नव्हते शोधत.

एके दिवशी त्या भर उन्हातून आल्या, चपलाही न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. "मंगल, सपान पडल्यावानी गोदाम हाय गं. नानांनी नवंच बांधलंय. अजून कुणालाच दिलं न्हाई." दुसऱ्या दिवशी मला दाखवायला घेऊन गेल्या. आतमध्ये नव्या सिमेंटचा वास. त्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या, हात फिरवत — इथं पापड वाळतील, इथं कांडप, इथं बायकांना जेवायला जागा. बाहेर येऊन शटरसमोर थांबल्या. लाजल्या थोड्या. म्हणाल्या, इथं लाल रंगात नाव लिहायचं. शकुंतला. बास, एवढंच. "सासरच्या दारावर नाव न्हवतं, माहेरच्या दारावर बापाचं. एक शटर तरी माझ्या नावाचं असू दे की."

मी काय म्हणाले? "व्हय वन्सं, लई छान दिसंल." हसून म्हणाले. आणि डोळ्यांनी मागचा ओटा मापत होते. ट्रक इथं लागेल. गठाणी तिथं. त्या नावाबद्दल बोलत होत्या आणि मी मनातल्या मनात माझी पोती आत रचत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना न सांगता मी नानांकडं गेले. म्हटलं, आम्हालाही गोदाम पाहिजे. का गेले? कितीदा विचारलंय मी स्वतःला. लेकीचं ते पोत्याच्या वासाचं बोलणं होतं? होतं. गळका पत्रा होता? होता. पण ते सगळं आदल्या वर्षीही होतंच की. तेव्हा कुठं मी गोदाम शोधायला निघाले? वन्संना मिळतंय हे दिसलं, तेव्हाच मला पाहिजेसं झालं. ह्याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत आहे.

वन्संना कळलं तेव्हा घरात आकाशपाताळ एक होईल असं वाटलं होतं मला. मी तयारीत होते, उत्तरं जुळवून ठेवली होती. झालं भलतंच. त्या कपाळाला हात लावून हसल्या. "येडे, मला सांगायचं न्हाई का? चोरून कावून गेलीस?" मग बसून खरंच विचार करायला लागल्या, दोघींचं एकत्र जमेल का. नाही जमणार होतं. बारदाना झाडला की धुळीचे लोट उठतात. त्या धुळीत वाळलेला पापड कोण खाईल? आणि नानांना गोदाम अर्धं-अर्धं द्यायचं नव्हतं.

नाना आमच्या दोघींच्या मध्ये सापडले. मोठे बागायतदार, मिशीवाले, गावात त्यांच्या शब्दाला मान. पण बायकांच्या भांडणाला लई घाबरायचे. एकाच घरातल्या दोघी. एकीला द्यावं तर दुसरी आयुष्यभर नावं ठेवणार. ते ह्यांच्यावरच ओरडले, "काय बे, तुझ्या घरातलं तुला मिटवता येत न्हाई? माझ्या डोक्याला कावून ताप देतो?" हे म्हणाले, दोघी माझ्यापेक्षा हुशार हायत, मी काय बोलू? आणि चहा प्यायला गेले. मग नानांनीच तोड काढली. म्हणाले, महादेवाला विचारू.

तुमच्याकडं असतं का, मला माहीत नाही. नानांच्या शेताच्या बांधावर महादेवाचं लहानसं देऊळ आहे, काळ्या दगडाची पिंड. त्यांच्या घरात कधीही पेच पडला की तिथं कौल लावायचा, ही रीत. विहीर कुठं खणायची, पोरीला कुठल्या स्थळी द्यायचं, सगळं तिथं विचारलेलं. सोमवारी सकाळी पिंड धुवायची. मग बेलाची दोन पानं पाण्यात भिजवून पिंडीला चिकटवायची, एक उजवीकडं, एक डावीकडं. एकाचं उजवं, एकाचं डावं. ज्याचं पान आधी गळून पडेल, त्याला देवानं दिलं. मग त्यावर कुणी चकार शब्द काढायचा नाही. आम्ही लिंगायत, शिव तर आमच्या गळ्यातच. वन्सं लगेच हो म्हणाल्या. त्यांचा चेहरा कसा मोकळा झाला! "त्येनं सांगितल्यावर भांडणच न्हाई ना. तुला दिलं तरी मला वाईट वाटायचं न्हाई, मला दिलं तरी तू रुसायचं न्हाई. बोल." मी बोलले. हातावर हात मारला.

रीत अशी, की धाकटीनं पिंड धुवायची आणि थोरलीनं पानं लावायची. एकीच्या हातात सगळं नको म्हणून असेल. किंवा एकमेकींवर भरवसा टाकायला लावायचा म्हणून असेल. मी धाकटी.

झालं. इथवर आले. आता —

पूजेचं ताट माझ्या हातात होतं. निरंजनासाठी तुपाची वाटी होती ताटात. गाभारा एवढासा, एका वेळी एकच माणूस वाकू शकेल इतका. नाना, वन्सं आणि आमचे हे बाहेर मंडपात बसलेले. मी आत. पिंडीवर पाणी घातलं, हातानं चोळून धुतली, पदरानं पुसली. दगड गार होता. आणि मग मी तुपाच्या वाटीत अंगठा बुडवला. पिंडीच्या उजव्या अंगाला, जिथं पान लागतं तिथं, तो अंगठा फिरवला. एकदा. मग परत एकदा. डाव्या अंगाला हात लावला नाही.

उजवं माझं होतं.

एवढंच. आमच्या दोघींचं भांडण मिटवायला त्याला बसवलं होतं आम्ही, आणि मी त्याच्याच अंगाला तूप लावलं. घाई झाली का माझी? नाही झाली. मला आठवतंय ना. मी नीट, सावकाश, पातळ लावलं, दिसू नये असं. भाकरीच्या पिठाला हात लावावा इतक्या सहज. मग वरून पाणी शिंपडलं, उरलेलं तूप निरंजनात घातलं, वात लावली आणि बाहेर येऊन म्हणाले, "वन्सं, झालं."

वन्सं आत गेल्या. दारातून मला त्यांची पाठ दिसत होती. डावं पान लावलं. मग उजवं लावलं, आणि थांबल्या. बोटं बघितली. त्यांनी बोटं पदराला पुसली आणि आतूनच म्हणाल्या, "तूप सांडलं वाटतं गं निरंजनाचं." मी म्हणाले, "सांडलं असंल." बस. दुसरं काही त्यांच्या मनातच आलं नाही. येणार कुठून? त्यांच्या डोक्यात तसली वाटच नव्हती.

त्या बाहेर येऊन बसतात न बसतात तोच उजवं पान घसरलं. गळून पडलं नाही हो, घसरलं — ओघळलंच खाली. डावं चिकटून होतं घट्ट. नानांनी मोठ्यानं "हर हर महादेव" म्हटलं. त्यांचा जीव भांड्यात पडला होता.

वन्संनी त्या डाव्या पानाकडं एकदा बघितलं. मग उठल्या, पूजेच्या ताटातला अंगारा घेतला आणि माझ्या कपाळाला लावला. स्वतःच्या हातानं. "त्येच्या मनात तूच व्हतीस बघ," म्हणाल्या. "चल, पेढे घ्यायचे का न्हाई?" वाटेत पेढे त्यांनीच घेतले.

त्या आठवड्यातच माझ्या नावानं भाडेकरार झाला. लातूरच्या दुकानदारानं थोडे दिवस वाट बघितली आणि दुसरीकडं माल बांधला. वन्संच्या बायका पांगल्या. त्यांतली लक्ष्मी म्हणून होती, हाताला लई चव होती तिच्या. पापडाच्या कामामुळं तिनं कारखान्याला जाणं सोडलं होतं, लेकरांना शाळेत घातलं होतं. त्या दिवाळीनंतर ती परत नवऱ्याबरोबर कोयता घेऊन ऊसतोडीला गेली, लेकरंही बरोबर गेली. चौकात टोळीचा ट्रक उभा होता, त्यावरून तिनं मला हात केला. मीही केला.

मी त्या गोदामात किती सुखी होते, ते सांगायची लाज वाटते. पण होते. खोटं कशाला बोलू? हंगाम चांगला गेला, पुढचा त्याहून चांगला. माणसाला वाटतं, पाप केलं की खाल्लेलं अन्न गोड लागत नसेल. लागतं हो. चांगलं लागतं.

मग एक दिवस वन्सं गोदामात आल्या. म्हणाल्या, "मला काम दे बाई. हात रिकामे ऱ्हायले की डोकं फिरतंय." आणि खाली बसून दाभण हातात घेतलं. त्या दिवसापासून आजपर्यंत त्या रोज येतात. माझ्या आधी येतात. हमालांचा चहा, ट्रकची वेळ, कुणाची गठाण कुठं, कोण पोती भिजवून वजन वाढवतो — सगळं त्या बघतात. शिवणाऱ्या बायकांना जेवायला गोदामाच्या कोपऱ्यात बसायची जागा त्यांनीच करून दिली. आधी जशी दाखवली होती मला, त्याच कोपऱ्यात. ह्यांच्या ऑपरेशनच्या वेळी मी दवाखान्यात अडकले, तेव्हा ऐन हंगाम होता. वन्संनी एक ट्रक रिकामा जाऊ दिला नाही. लेकीच्या पहिल्या पगाराची साडी लेकीनं मला नाही, आत्याला आणली. मला आनंदच झाला. खरंच झाला. माझ्या आयुष्यात जे जे चांगलं आहे, ते उचलून बघितलं की खाली त्यांचा हात असतो. आई-बापानं केलं नसतं एवढं त्यांनी केलं माझं. कुणापुढं बोलताना मी हे मोठ्यानं म्हणते, लोक कौतुक करतात — नणंद-भावजय असाव्यात तर अशा! वन्सं म्हणतात, पुरे गं, दिष्ट लागंल.

पण एक गोष्ट मी बघत आले, आणि बघून न बघितल्यासारखं केलं. वन्संनी त्या सोमवारनंतर पापड लाटला नाही. घरी, आमच्यापुरता, उन्हाळ्यातसुद्धा नाही. काळं तिखट आम्ही विकत आणतो. मध्ये एकदा बीडजवळ पालीला ओळखीच्यांचा गाळा रिकामा होता, स्वस्तात देत होते, म्हणाले शकूताई तुम्ही घ्या. त्या म्हणाल्या, "न्हाई बाबा. मला कौल न्हाई." सहज म्हणाल्या, पोतं झाडता झाडता. मला वाटायचं, मी त्यांचं गोदाम घेतलं. गोदामाचं काय, एक गेलं तर दुसरं मिळतं. मी काय घेतलं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि मी ट्रकवाल्याला उगीचच हाका मारायला बाहेर गेले.

आता ह्या वर्षीचं सांगते, मग संपलं.

नाना थकलेत आता. त्यांनी आमच्या शेजारीच दुसरं गोदाम बांधलं. नवं कोरं, तसाच ओटा, तसंच शटर. म्हणाले, मंगल, आधी तुला विचारतो, पाहिजे का? मला वाटलं, देवानं वाट काढली. मी तशीच पळत वन्संकडं गेले. म्हटलं, वन्सं, हे तुमच्या नावानं घ्या. तुमचं काळं तिखट परत चालू करा. मी आहे ना पाठीशी, अनामत मी भरते, सगळं मी बघते. आणि शटरवर लाल रंगात नाव लिहू — शकुंतला. म्हटलं, मला आठवतं, मी विसरले नाही.

डोळे भरले त्यांचे. माझा गाल धरला हातात, लहान पोरीचा धरावा तसा. "किती गं मनाची मोठी तू," म्हणाल्या.

मला म्हणाल्या हे. मला.

मग म्हणाल्या, "पर न्हाई घ्यायचं मला. त्येनं तवाच सांगितलं ना, ह्यो कारभार माझा न्हाई म्हणून. पयल्यांदा लई वाईट वाटलं व्हतं, आता खोटं कशाला सांगू? नवऱ्यानं न्हाई म्हणलं ते सोसलं, पर देवानं बी न्हाई म्हणावं? रडले व्हते मी, तुला दिसू दिलं न्हाई. मग म्हणलं, त्येच्या पुढं आपुन कोण? आता मी शांत हाय बघ. तू घे. तुझ्या हाताला यश हाय."

अंगणात आम्ही दोघीच होतो. शब्द माझ्या तोंडात होते, पुरते जुळलेले: वन्सं, त्यानं नाही म्हटलं नव्हतं. मी तूप लावलं होतं. त्यानं तुम्हाला कधीच नाही म्हटलं नव्हतं. दोन-तीन वाक्यं. भाव करताना मी ह्याहून जास्त बोलते. ती बोलले असते तर त्यांना त्यांचा देव परत मिळाला असता, आणि कदाचित गोदामही. माझं काय गेलं असतं? माझ्या गालावरचा तो हात गेला असता. बस, तेवढंच गेलं असतं.

मी म्हणाले, "बरं, तुमी म्हणाल तसं."

परवा सही केली. नानांच्या ओसरीवर बसून, माझ्या नावानं. माझं पेन चालेना, तर वन्संनी आपलं पेन झटकून माझ्या हातात दिलं. सही झाल्यावर त्यांनी नानांना पेढा दिला, ह्यांना दिला, मला स्वतःच्या हातानं भरवला. येताना देवळापाशी थांबून त्यांनी बाहेरूनच हात जोडले. मीही जोडले.

आज सकाळी रंगारी आला होता नव्या शटरवर नाव घालायला. मी ट्रकपाशी होते. त्यानं विचारलं, काय लिहू, कुठल्या रंगात? वन्सं पुढं झाल्या, शटरवरची धूळ पदरानं पुसली आणि म्हणाल्या, "लाल रंगात लिही. मंगल. बास, एवढंच."

त्यानं लिहिलं.